पहिलाच कुत्रा कारवान घ्यायचा असेल तर

सांगली, सोलापूर, कोल्हापूर आणि सीमेपलीकडे विजापूर-बागलकोट या भागांत वस्त्यांवर जो उंच, सडपातळ, निमुळत्या तोंडाचा शिकारी कुत्रा दिसतो, त्याला कारवान किंवा कारवानी म्हणतात. मुधोळ हाउंड या नावाने प्रसिद्ध असलेला कुत्रा तो हाच, आणि कानांवर व शेपटीवर लांब रेशमी केस असतील तर त्याला पश्मी म्हणतात. मुधोळचे संस्थानिक मालोजीराव घोरपडे यांनी या जातीला राजाश्रय दिला. २००५ साली भारतीय टपाल खात्याने तिच्यावर तिकीट काढले. अलीकडे शहरांतही ही पिल्ले येऊ लागली आहेत, आणि घेणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचा हा पहिलाच कुत्रा असतो.

पहिला कुत्रा म्हणून कारवान घेऊ नये, असे सरसकट सांगणारे पुष्कळ भेटतात. ते मला पटत नाही. मात्र हा कुत्रा नजरेने शिकार हेरून धावणारा आहे आणि मनाने अतिशय हळवा आहे, या दोन गोष्टी आपल्या घराला झेपतील का, याचा विचार पिल्लू पाहायला जाण्यापूर्वी व्हायला हवा. कारण पिल्लू एकदा मांडीवर आले की विचार करणे कोणालाच जमत नाही. घर लहान असले तरी चालते, कारण पूर्ण वाढलेला कारवान घरात तासन्‌तास झोपून काढतो. रोज सकाळ-संध्याकाळ त्याला बाहेर नेणारा माणूस आणि आठवड्यातून काही वेळा मोकळे धावता येईल अशी कुंपण घातलेली जागा मात्र हवीच. घरात सतत आरडाओरडा असेल, किंवा कुत्रा दिवसभर साखळीला बांधून राखणीला ठेवायचा असेल, तर ही जात घेऊ नये.

पिल्लू निवडताना आधी त्याची आई पाहावी. अनोळखी माणूस आल्यावर चांगल्या स्वभावाची कारवान मादी जवळ येत नाही, बाजूला उभी राहून पाहत राहते. आपण तिच्याकडे लक्ष न देता जमिनीवर बसलो, तर थोड्या वेळाने मान लांब करून हात हुंगून जाते. हा अलिप्तपणा जातीचाच आहे. मात्र जी मादी शेपूट पोटाशी घेऊन कोपऱ्यात थरथरत राहते, किंवा मालक शेजारी असूनही अंगावर धावून येते, तिचे पिल्लू पहिल्यांदाच कुत्रा पाळणाऱ्याने घेऊ नये. पिल्लांमध्येही सर्वांत धीट आणि सर्वांत भित्रे अशी दोन्ही टोके सोडून मधले निवडावे. आठ आठवड्यांहून लहान पिल्लू विकण्यास केंद्र सरकारच्या कुत्र्यांची पैदास व विक्री यांविषयीच्या २०१७ च्या नियमांनुसार बंदी आहे. कोणी महिन्याचे पिल्लू हातात देऊ लागला, तर आईचे दूध लवकर तुटलेल्या त्या पिल्लाबरोबरच विकणाऱ्याचा हिशेबही ओळखावा.

पहिली लस सहा ते आठ आठवड्यांच्या वयात सुरू होते, पुढचे डोस तीन-चार आठवड्यांच्या अंतराने सोळा आठवड्यांपर्यंत चालतात आणि रेबीजची लस पिल्लू साधारण तीन महिन्यांचे झाल्यावर दिली जाते. अडचण अशी की जगाची ओळख करून घेण्याचे पिल्लाचे वयही नेमके हेच असते. लसी पुऱ्या होईपर्यंत त्याला रस्त्यावर सोडू नये, पण घरात कोंडूनही ठेवू नये. कडेवर घेऊन चौकात, भाजी बाजाराच्या कडेला, शाळा सुटताना फाटकापाशी थोडा वेळ उभे राहावे. प्रेशर कुकरची शिट्टी, मिक्सर, रिक्षाचा आवाज हे सारे दुरून ऐकवून त्याच वेळी चिकनचा बारीकसा तुकडा द्यावा. पाहुण्यांना मात्र आधीच बजावून ठेवावे, की हात पुढे करून याच्या डोक्यावर थोपटायचे नाही.

शिस्तीच्या बाबतीत या कुत्र्याशी जोरजबरदस्ती कामाची नाही. कान नीट पाहिले की समजते: मोठ्याने रागावले की ते मागे चपटे होतात, तो नजर चुकवतो, ओठ चाटतो, झोप आलेली नसताना जांभई देतो. याला ‘आता त्याला चूक कळली’ असे समजणे ही सर्रास होणारी गफलत आहे, कारण त्याला कळलेले असते ते एवढेच, की हा माणूस भरवशाचा नाही. हात उगारलेल्या माणसाकडे कारवान पुन्हा कित्येक दिवस मनमोकळेपणाने येत नाही, आणि हाक मारल्यावर जो कुत्रा येत नाही, त्याला या जातीत सोडून फिरवताच येत नाही.

हाकेला येण्याचा सराव म्हणूनच पहिल्या दिवसापासून हवा. घरातल्या घरात नाव घ्यावे, आला की शिजवलेल्या कलेजीचा तुकडा द्यावा. मैदानात दहा मीटरची दोरी हार्नेसला, म्हणजे छाती-पाठीवरून बांधायच्या पट्ट्याला, बांधून हेच करावे. दोरी गळपट्ट्याला बांधू नये, कारण पूर्ण वेगात दोरी ताणली गेली तर मानेला इजा होते. या कुत्र्याचे डोके मानेपेक्षा अरुंद असल्याने साधा गळपट्टा मागे ओढताच निसटतो. रोजच्या फिरण्यासाठी ओढल्यावर बेताने आवळणारा रुंद मार्टिंगेल पट्टा घ्यावा. इतके करूनही समोरून मांजर किंवा ससा पळाला, तर सरावाची खात्री देता येत नाही. रस्त्यालगत दोरी कधीच सोडू नये. सशाची शिकार १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, तेव्हा ‘जातिवंत आहे, धरू द्या की’ असा आग्रह करणाऱ्यांपासून दूर राहावे.

खाण्याचे फार अवघड नाही. गावाकडे ज्वारीची भाकरी आणि दुधावर हे कुत्रे वाढत आले. वाढत्या पिल्लाला त्याबरोबर अंडी, मांस असे प्रथिनांचे अन्न हवेच. कांदा, द्राक्षे, मनुका आणि चॉकलेट वर्ज्य. जेवल्यावर तासभर तरी पळवू नये. निरोगी कारवानच्या दोन-तीन बरगड्या दिसतात. शेजारी ‘उपाशी ठेवता का’ म्हणतील, त्यांचे ऐकून त्याला जाड करू नये.

अंगावरचे केस आखूड असल्याने गोचीड लगेच दिसते, म्हणून रोज संध्याकाळी कानाच्या आत आणि बोटांच्या बेचक्यांत हात फिरवावा. गोचीडतापात कुत्रा खाणे सोडतो, हिरड्या फिकट पडतात, आणि उपचाराला उशीर झाला तर हा ताप जिवावर बेततो. नसबंदी किंवा कोणत्याही शस्त्रक्रियेआधी हा साइटहाउंड, म्हणजे नजरेने शिकार हेरून धावणाऱ्या जातींपैकी आहे, हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे, कारण अंगात चरबी कमी असल्यामुळे अशा कुत्र्यांना भुलीची काही औषधे, विशेषतः थायोपेंटल, जास्त काळ भारी पडतात.