कातळारोहण शिकताय? शिकतानाच होणाऱ्या या चुका टाळा

दसरा झाला, कड्यांवरचं पाणी आटलं की सह्याद्रीत चढाईचा मोसम सुरू होतो आणि दरवर्षी तोच प्रश्न येतो: क्लाइंबिंग शिकायचंय, सुरुवात कुठून करू? आज त्याला उत्तरं भरपूर आहेत. पुण्या-मुंबईत कृत्रिम भिंती आहेत, जुन्या गिर्यारोहण संस्थांची शिबिरं आहेत, उत्तरकाशी-दार्जिलिंगचे कोर्स आहेत, मोबाइलवर शेकडो व्हिडिओ आहेत. साधनांची टंचाई राहिलेली नाही. घोळ होतो तो वेगळ्याच ठिकाणी. जे जाणत्या माणसाच्या नजरेखाली शिकायला हवं ते लोक व्हिडिओतून उचलतात, आणि जे घरी बसून पाठ होईल त्यासाठी शिबिराची वाट बघत बसतात. खालच्या बहुतेक चुका याच उलटापालटीतून होतात.

रॅपलिंग केलं म्हणजे क्लाइंबिंग आलं, असं समजणं

पावसाळ्यात धबधब्यावर किंवा हिवाळ्यात एखाद्या कड्यावरून एका दिवसाचं रॅपलिंग (रोपाच्या आधाराने कडा उतरणं) करून आलेले कितीतरी जण थेट सुळक्याच्या मोहिमेत नाव देतात. त्यात त्यांचा दोष नाही, कारण त्यांना कोणी फरक सांगितलेलाच नसतो. त्या दिवशी अँकर (रोप ज्याला बांधतात तो पक्का आधार) दुसऱ्याने लावलेला असतो, डिसेंडर (रोपावर वेग आवरत उतरायचं उपकरण) दुसऱ्याने अडकवलेला असतो, सेफ्टी रोप दुसऱ्याच्या हातात असतो. तुम्ही फक्त मागे झुकून चालत उतरता. भीती मोडायला हे चांगलंच. पण रोपाचं काम त्यातून कळत नाही.

चढताना वजन तुमच्या हातापायांवर असतं आणि रोप पडलात तर सांभाळायला असतो. रॅपलिंगमध्ये पहिल्या क्षणापासून सगळा भार रोप आणि अँकरवर असतो, म्हणून तिथे चुकीला जागा फार कमी. शिवाय सुळका चढून झाल्यावर उतरायची वेळ येते तेव्हा माणूस थकलेला असतो, ऊन कललेलं असतं आणि घाई झालेली असते. रोपाची दोन टोकं सारखी खाली आली आहेत का, हे न पाहता उतरायला लागणं ही जगभर जीव घेणारी चूक आहे. एक टोक आखूड राहिलं तर ते डिसेंडरमधून निसटतं. उपाय साधा आहे: दोन्ही टोकांना गाठ मारायची आणि डिसेंडरखाली प्रुसिकची, म्हणजे वजन आलं की रोपावर आवळणारी, गाठ लावायची, म्हणजे हात सुटला तरी माणूस थांबतो.

केस, ओढणी किंवा सैल टी-शर्ट डिसेंडरमध्ये अडकणं हा नेहमीचा प्रकार. अशा वेळी घाबरून चाकू काढू नका. ताणाखाली असलेला रोप पात्याचा नुसता स्पर्श झाला तरी तुटू शकतो. वरच्या बाजूला प्रुसिक बांधून त्यात पाय अडकवायला स्लिंग (पट्टीचा फास) सोडायची, तीवर उभं राहून डिसेंडरवरचं वजन काढायचं आणि मग कापड सोडवायचं. हे जमिनीपासून चार फुटांवर लटकून आधी करून बघा.

आयोजक निवडताना फोटोंकडे बघू नका, प्रश्न विचारा. अँकर किती आणि एकमेकांपासून स्वतंत्र आहेत का? सेफ्टी रोप वेगळा आहे का? हेल्मेट प्रत्येकाला आहे का? माणूस खाली सोडण्याआधी त्याची तपासणी कोण करतं? राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणानुसार आयोजकाची पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी असायला हवी, तीही विचारा. चांगल्या आयोजकाला या प्रश्नांचा राग येत नाही.

व्हिडिओ बघून बिले शिकणं

व्हिडिओ गाठींसाठी उत्तम. फिगर ऑफ एट, क्लोव्ह हिच, प्रुसिक या तीन गाठी दीड मीटर दोरीच्या तुकड्यावर रात्री जेवणानंतर बांधत राहा. डोळे मिटून, पाठीमागे हात नेऊन, हातमोजे घालून. शिबिराला जाताना त्या बोटांत बसलेल्या असल्या तर शिक्षकाचा अख्खा दिवस वाचतो.

फिगर ऑफ एट बांधून झाली की ती वाचायला शिका. दोन्ही पदर एकमेकांना समांतर, कुठेही आडवे न जाणारे. गाठ चारही पदर ओढून घट्ट केलेली. शेपूट रोपाच्या जाडीच्या किमान दहापट, म्हणजे १० मिलिमीटरच्या रोपाला १० सेंटिमीटर. आणि रोप हार्नेसच्या (कमरेला आणि मांड्यांना बांधायच्या पट्ट्याच्या) पुढच्या दोन्ही लूपमधून गेलेला हवा, कमरेच्या आणि पायाच्या. बाजूला सामान अडकवायला जे गिअर लूप असतात ते माणसाचं वजन पेलायला केलेलेच नसतात. नवखा माणूस घाईत तिथे रोप बांधतो. हे ऐकायला अशक्य वाटतं, पण घडतं.

बिले मात्र व्हिडिओतून शिकू नका. बिले म्हणजे चढणाऱ्याचा रोप सांभाळणं, आणि त्यातला एकच नियम इतका पक्का हवा की झोपेतही मोडू नये: ब्रेकचा हात (रोपाचं मोकळं टोक धरणारा) रोपावरून कधीच सुटत नाही. रोप आत घेताना, सोडताना, नाक खाजलं तरी. पडणाऱ्या माणसाचा झटका कसा येतो, किती ढील द्यायची, कुठे उभं राहायचं, हे शेजारी दुसरा जाणता माणूस रोपाचं टोक धरून उभा असतानाच कळतं. कृत्रिम भिंतीवर एक महिना टॉप रोपवर (रोप आधीच वरच्या अँकरमधून लावलेला असताना) नुसता बिले दिलात तरी तो वाया जात नाही. आपल्याकडे चढणाऱ्याचं कौतुक होतं आणि बिले देणारा फोटोतही नसतो, म्हणून नवीन मुलं त्याचा कंटाळा करतात. खरं तर ज्याचा बिले चांगला त्याला प्रत्येक टीम सोबत घेते.

जोडीदाराची तपासणी हीही अशीच टाळली जाणारी गोष्ट. लिन हिल ही जगातल्या सर्वोत्तम क्लाइंबरपैकी एक. १९८९ मध्ये फ्रान्समधल्या ब्यू इथे एका सोप्या रूटआधी रोप बांधता बांधता ती बूट बांधायला वळली. अर्धवट राहिलेली गाठ जॅकेटखाली झाकली गेली. वर पोहोचून तिने रोपावर वजन टाकलं आणि ती वीस मीटरहून जास्त खाली कोसळली. झाडाच्या फांद्यांमुळे वाचली. तेव्हा अनुभव कितीही असो, प्रत्येक चढाईआधी एकमेकांची गाठ, हार्नेसचं बक्कल, कॅराबिनरचा (रोप अडकवायच्या धातूच्या कडीचा) स्क्रू हाताने चाचपायचा. नजरेने नाही, हाताने.

हात भरून येतात म्हणून दंड कमावत बसणं

“दहा फुटांवर हात भरतात, पुलअप्स वाढवू का?” हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. बहुतेक वेळा दुखणं हातात नसून पायात असतं. नवखा माणूस वरची खोबण दिसली की तिला कवटाळतो, कोपर वाकवून लटकतो आणि पाय नंतर कसेबसे ओढून घेतो. कोपर वाकलेलं असताना स्नायू सतत काम करतात. हात सरळ असला की वजन हाडांवर येतं. बुटाचा मधला भाग कपारीत कोंबण्याऐवजी अंगठ्याकडची टोकाची कड ठेवा, म्हणजे पाय जागच्या जागी फिरवता येतो. आधी पाय बघा, पाय ठेवा, त्यावर उभे राहा, आणि हात शेवटी. जमिनीलगत आडवी चढाई करत राहणं हा याचा सगळ्यात स्वस्त सराव.

हा सराव किल्ल्यांच्या तटबंदीवर किंवा लेण्यांच्या भिंतींवर करू नका. ती संरक्षित वारसास्थळं आहेत, आणि तटाचे चिरे निखळले तर ते परत बसत नाहीत. गावाबाहेरचा मोकळा धोंडा पुरतो.

खरेदी उलट्या क्रमाने करणं

आवड लागली की लोक आधी रोप घेतात. घेऊ नका. आधी स्वतःच्या मापाचे क्लाइंबिंग शूज, मग हेल्मेट, मग हार्नेस. रोप सुरुवातीला संस्थेचा वापरा.

रोप घ्यायची वेळ येईल तेव्हा डायनॅमिक आणि स्टॅटिक यातला फरक पक्का असू द्या. डायनॅमिक रोप ताणला जातो आणि पडणाऱ्याचा झटका शोषतो. स्टॅटिक जवळजवळ ताणला जात नाही, म्हणून तो रॅपलिंगला, झुमारिंगला (पकड घेणारं उपकरण लावून रोपावरून वर चढायला) आणि फिक्स्ड, म्हणजे बांधून ठेवायचा, रोप लावायला. स्टॅटिकवर लीड चढाई (रोप खालून सोबत नेत सगळ्यांच्या आधी चढणं) करून पडलात तर सगळा झटका कंबर आणि अँकरवर येतो. लेबलवर डायनॅमिकसाठी ईएन ८९२ आणि स्टॅटिकसाठी ईएन १८९१ असं मानक छापलेलं असतं. ते नसेल किंवा दुकानदार “दोन्हीला चालतो” म्हणाला, तर तिथून निघा. कोणाचा तरी वापरलेला रोप स्वस्तात मिळतोय म्हणून तर अजिबात घेऊ नका. त्यावर किती झटके बसले हे रोप बघून कळत नाही. आणि नवा रोप इन्व्हर्टरच्या किंवा गाडीच्या बॅटरीजवळ ठेवू नका. तिथलं ॲसिड नायलॉन खातं, आणि वरून बघितलं तर काहीच दिसत नाही.

परदेशी कातळाचे धडे सह्याद्रीला लावणं

व्हिडिओंत दिसतो तो बहुधा ग्रॅनाइट किंवा चुनखडीचा स्वच्छ, बोल्ट (रोप अडकवायला कातळात पक्के केलेले धातूचे खिळे) मारलेला कातळ. आपला सह्याद्री लाव्हाच्या थरांनी बनलेला बेसॉल्ट आहे. घट्ट थराचा उभा कडा, मग ठिसूळ थराची गवताळ पट्टी, तिथे घसारा (सुटी माती आणि दगड), मग पुन्हा कडा. लिंगाणा असो, तैलबैला असो की जीवधनजवळची वानरलिंगी, अवघड कातळाइतकाच हा घसारा आणि सुकं गवत माणसाला अडचणीत आणतं. होल्डवर (हातापायाच्या पकडीवर) वजन टाकण्याआधी तो तळहाताने ठोका. पोकळ आवाज आला तर सोडून द्या. ओढायचंच तर खालच्या दिशेने, बाहेर कधीच नाही. खाली उभ्या असलेल्यांनी चढणाऱ्याच्या सरळ रेषेत थांबायचं नाही, आणि हेल्मेट कड्याखाली जेवतानाही डोक्यावर हवं.

जुन्या बोल्टवर डोळे झाकून विश्वास ठेवणं ही याच प्रकारातली मोठी चूक. अनेक सुळक्यांवर पूर्वीच्या मोहिमांच्या मेखा आणि बोल्ट आहेत. त्यांनी कित्येक पावसाळे खाल्लेले असतात. गंजाचा ओघळ, हलणारा हँगर (बोल्टवरची धातूची पट्टी), भोवती तडकलेला कातळ यातलं काहीही दिसलं तर तो बोल्ट नाही असंच समजायचं. इंटरनेटवरच्या जुन्या वृत्तांतात “वर दोन बोल्ट आहेत” असं लिहिलेलं असतं, ते लिहिलं त्या वर्षापुरतं खरं असतं. शेवटच्या वर्षा-दोन वर्षांत चढून आलेल्या टीमशी बोला. क्लाइंबर मंडळी अशी माहिती आनंदाने देतात.

आणि आग्या मोहोळ. कड्याच्या पोटाखाली ती मोठाली पोळी लटकत असतात. परदेशी धड्यांत यांचं नावही नसतं, आणि आपल्याकडे रोपावर असताना पळता येत नाही. आदल्या दिवशी दुर्बिणीने पूर्ण रूट बघा. अत्तर, डिओ नको; पायथ्याशी शेकोटी नको; आरडाओरडा नको. एक माशी डसली की तिच्या डंखाच्या वासाने बाकीच्या धावून येतात. पोळं रूटजवळ दिसलं तर त्या दिवशीची चढाई रद्द. गावातला गुराखी “तिकडं माश्या हायत” म्हणाला तर त्याचं ऐका, तो तो कडा रोज बघतो.

लीड शिकायला बरेच मराठी क्लाइंबर कर्नाटकातल्या बदामीला जातात. तिथे बोल्ट केलेले रूट आहेत, जागा सुरेख आहे. पण तो वालुकाश्म आहे. ओला झाला की कमजोर होतो, तेव्हा पावसानंतर त्याला वाळू द्या.

यशाच्याच गोष्टी वाचणं

शिखरांच्या कहाण्या वाचून हुरूप येतो, शिकायला मात्र अपघातांचे अहवाल वाचावेत. अमेरिकन अल्पाइन क्लब १९४८ पासून दरवर्षी असे अहवाल प्रसिद्ध करतो: काय झालं, का झालं, काय करता आलं असतं. हिमालयासाठी हिमालयन क्लबचं जर्नल आहे. क्लब १९२८ चा, जर्नल १९२९ पासूनचं, आणि जुने लेख ऑनलाइन मोफत वाचता येतात. एखाद्या शिखरावर जायचं ठरलं की त्या खोऱ्यातले जुने लेख काढून वाचण्याची सवय लावून घ्या.

बेसिक कोर्सला तयारीशिवाय जाणं

दार्जिलिंगची हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट १९५४ ची, उत्तरकाशीची नेहरू इन्स्टिट्यूट १९६५ ची. मनाली आणि पहलगामलाही संस्था आहेत. साधारण चार आठवड्यांचा बेसिक कोर्स, आणि त्यात ए ग्रेड मिळाली तरच ॲडव्हान्सचं दार उघडतं. जागा खूप आधी भरतात, त्यामुळे “मे महिन्यात सुट्टी आहे, एप्रिलमध्ये बघू” असं चालत नाही.

पुण्या-मुंबईची मुलं कातळावर सहसा कमी पडत नाहीत. कमी पडतात ती ओझ्याखाली. जाण्याआधी तीन-चार महिने पाठीवर १५ किलोची सॅक घेऊन सिंहगडासारखा चढ आठवड्याला चढा. नवे बूट कोर्सला पहिल्यांदा घालू नका. फोडांमुळे परत आलेली मुलं कमी नाहीत.

उंचीची तयारी मात्र इथे होतच नाही. कळसूबाई १६४६ मीटर, आणि उंचीचा त्रास साधारण अडीच-तीन हजार मीटरच्या पुढे सुरू होतो. सह्याद्रीत कितीही धावलात तरी विरळ हवेची सवय शरीराला तिथे जाऊनच लागते. ३००० मीटरच्या वर मुक्कामाची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही आणि तीन-चार दिवसांनी एक विश्रांतीचा दिवस, हा सर्वमान्य नियम. खाजगी ट्रेकिंग कंपन्यांचे आटोपशीर कार्यक्रम निवडताना हाच आकडा कागदावर मांडून बघा. उंचीच्या त्रासावरची गोळी घ्यायची असेल तर घरून निघण्याआधी डॉक्टरांशी बोलून घ्या, टेंटमधल्या मित्राच्या सल्ल्याने नाही.

ग्रेड जाईल या भीतीने बरीच मुलं डोकेदुखी लपवतात. डोकं दुखतंय, उलटी झाली, बसल्या जागी धाप लागतेय, सरळ रेषेत चालता येत नाहीये, यातलं काहीही झालं तर त्याच क्षणी इन्स्ट्रक्टरला सांगा. शेवटच्या दोन लक्षणांवर खाली उतरणं हाच खरा उपाय आहे, आणि तो सकाळपर्यंत थांबत नाही.