पक्षाची मलिन प्रतिमा आणि मतदारांशी तुटलेला संवाद : या चुका टाळा

पराभवानंतरच्या चिंतन बैठकीत जवळजवळ प्रत्येक पक्षात एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘आमचे काम लोकांपर्यंत पोहोचले नाही.’ हे वाक्य बोलणाऱ्याला सोयीचे असते, कारण त्यात दोष प्रचारयंत्रणेच्या माथी जातो आणि धोरण, नेतृत्व व वर्तन यांची झडती टळते. कधीकधी ते खरेही असते. परंतु बहुतेक वेळा काम लोकांपर्यंत व्यवस्थित पोहोचलेले असते आणि ते पाहूनच मतदाराने आपला निर्णय घेतलेला असतो. पक्षाची प्रतिमा म्हणजे मतदाराने अनेक वर्षांच्या अनुभवातून काढलेला निष्कर्ष होय. तो बदलायचा असेल, तर ज्या अनुभवातून तो निघाला तो अनुभव बदलावा लागतो. पुढील सर्व चुकांचे मूळ हे साधे तत्त्व नजरेआड होण्यात आहे.

निदानाआधीच उपचार

मतदार एखाद्या पक्षापासून दूर असतो, तेव्हा त्याची तक्रार साधारणपणे तीनपैकी एक असते. त्याला पक्ष किंवा उमेदवार पुरेसा ठाऊक नसतो. किंवा ठाऊक असतो, पण तो बोलल्याप्रमाणे वागेल यावर विश्वास नसतो. किंवा विश्वास असतो, पण पक्ष जे करू पाहतो तेच त्याला नको असते. पहिल्या तक्रारीवर प्रसिद्धी आणि गाठीभेटी हा उपाय आहे. दुसरीवर दिलेला शब्द पाळून दाखवण्यावाचून इलाज नाही. तिसरीवर पक्षाला एकतर धोरण बदलावे लागते, किंवा ते न बदलता अल्पमतात राहण्याची किंमत मोकळेपणाने स्वीकारावी लागते. तत्त्वासाठी अशी किंमत मोजणारा पक्ष माझ्या मते आदरास पात्र आहे. मात्र दुसऱ्या आणि तिसऱ्या तक्रारीवर पहिलीचे औषध दिले, की दुखणे बळावते. ज्याचा विश्वास उडालेला आहे, त्याच्यासमोर अधिक जाहिराती आल्या तर त्याला त्या खोटेपणाचा नवा पुरावाच वाटतात.

२००४ ची लोकसभा निवडणूक हे याचे भारतातील ठळक उदाहरण आहे. अटलबिहारी वाजपेयी यांच्या सरकारने ‘इंडिया शायनिंग’ ही मोहीम मोठ्या प्रमाणावर राबवली आणि निवडणूक मुदतीपूर्वी घेतली. आर्थिक वाढ खरी होती, आकडेही अनुकूल होते. परंतु ज्या ग्रामीण आणि निम्न उत्पन्न गटांतील मतदारांच्या घरात ती वाढ पोहोचली नव्हती, त्यांना ती मोहीम आपली उपेक्षा करणारी वाटली. १९९९ मध्ये १८२ जागा मिळवणारा भारतीय जनता पक्ष १३८ वर आला आणि काँग्रेसला १४५ जागा मिळाल्या. त्या निकालात राज्याराज्यांतील आघाड्यांच्या गणिताचाही मोठा वाटा होता, हे विसरून चालणार नाही. तरीही त्या मोहिमेतून घेण्याजोगा धडा स्पष्ट आहे : मतदाराच्या स्वतःच्या अनुभवाशी विसंगत असलेले चित्र जितके भव्य, तितकी ती विसंगती त्याला अधिक बोचते.

निदान चुकण्याचे दुसरे कारण म्हणजे चुकीच्या माणसांना विचारणे. बूथपासून प्रदेश कार्यालयापर्यंत माहिती वर जाताना प्रत्येक पायरीवर ती थोडी गोड होत जाते, कारण वाईट बातमी सांगणाऱ्याला पद किंवा तिकीट मिळेल याची खात्री नसते. मेळाव्याला आलेली गर्दी हीदेखील आपल्याच लोकांची गर्दी असते. ज्यांनी मागच्या वेळी मत दिले आणि या वेळी दिले नाही, त्यांच्याकडे पक्षाची ओळख न सांगता, पक्षाबाहेरच्या माणसाने जाऊन विचारल्याशिवाय खरी तक्रार कळत नाही. आणि त्या बोलण्याचा अहवाल नेत्यापर्यंत मूळ शब्दांत, मधल्या पदाधिकाऱ्यांची कात्री न लागता पोहोचला पाहिजे.

चिन्ह बदलले, पण काय सोडले?

ब्रिटनच्या मजूर पक्षाने १९८६ मध्ये लाल झेंड्याऐवजी लाल गुलाब हे बोधचिन्ह स्वीकारले. प्रचार अधिक देखणा झाला, परंतु १९८७ आणि १९९२ या दोन्ही निवडणुका पक्षाने गमावल्या. एप्रिल १९९५ मध्ये पक्षाचे नेते टोनी ब्लेअर यांनी विशेष अधिवेशनात पक्षघटनेतील चौथे कलम बदलून घेतले. उत्पादनाच्या साधनांवर समाजाच्या सामाईक मालकीचा पुरस्कार करणारे ते कलम १९१८ पासून घटनेत होते आणि अनेक निष्ठावंतांसाठी ती श्रद्धेची बाब होती. ते बदलताना पक्षाला आपल्याच लोकांची नाराजी पत्करावी लागली, आणि म्हणूनच बाहेरच्या मतदाराला तो बदल खरा वाटला. १९९७ मध्ये पक्षाला ४१८ जागा मिळाल्या. तो बदल योग्य होता की अयोग्य, यावर त्या पक्षात आजही वाद आहे. येथे मुद्दा एवढाच, की ज्या बदलासाठी पक्षाला काहीच गमवावे लागत नाही, तो मतदार गंभीरपणे घेत नाही.

त्या विजयाचे श्रेय केवळ एका कलमाला देणे मात्र चुकीचे ठरेल. १६ सप्टेंबर १९९२ रोजी पौंड युरोपीय विनिमय दर यंत्रणेतून, म्हणजे चलनांचे परस्पर दर ठरावीक मर्यादेत ठेवणाऱ्या व्यवस्थेतून, बाहेर पडला आणि अर्थव्यवस्था कुशलतेने हाताळणारा पक्ष ही हुजूर पक्षाची अनेक वर्षांची ओळख एका दिवसात ढासळली. पुढे अर्थव्यवस्था सावरली, पण ती ओळख १९९७ पर्यंत परत आली नाही. मिळवायला दशके लागणारी आणि गमवायला एक दिवस पुरणारी ही गोष्ट आहे, याची जाणीव सत्ताधारी पक्षाने सतत ठेवली पाहिजे.

पुढे त्याच हुजूर पक्षावर प्रतिमा सुधारण्याची वेळ आली. २००२ च्या अधिवेशनात पक्षाच्या तत्कालीन अध्यक्ष थेरेसा मे यांनी आपल्याच प्रतिनिधींना सांगितले, की काही लोक आपल्याला दुष्ट पक्ष म्हणतात. हे व्यासपीठावरून बोलायला धैर्य लागते आणि ते दाखवल्याबद्दल त्यांना दाद दिली पाहिजे. तथापि निदान उच्चारल्याने आजार बरा होत नाही; २००५ ची निवडणूकही पक्ष हरला. त्यानंतर नवे नेते डेव्हिड कॅमेरून यांच्या काळात मशालीच्या जागी झाडाचे बोधचिन्ह आले, पर्यावरणाची आस्था दाखवणारी ध्रुवप्रदेशातील हिमनदीची छायाचित्रे आली. परंतु माझ्या मते अधिक टिकाऊ बदल उमेदवार निवडीत झाला : २००५ मध्ये पक्षाच्या १७ महिला खासदार होत्या, २०१० मध्ये त्या ४९ झाल्या. स्थानिक शाखांचा रोष ओढवून घेतल्याशिवाय हे घडले नाही.

माफी मागताना होणारी चूक

माफी हे प्रतिमा सुधारण्याचे सर्वांत प्रभावी आणि सर्वांत जास्त वाया घालवले जाणारे साधन आहे. ‘कोणाच्या भावना दुखावल्या असल्यास दिलगिरी व्यक्त करतो’ या छापील वाक्यात चूक कोणती, ती कोणी केली आणि पुढे काय वेगळे होणार, यांपैकी काहीच नसते. पण मनापासून मागितलेली माफीसुद्धा फसू शकते, आणि त्याची कारणे समजून घेण्यासाठी दोन घटना शेजारी ठेवून पाहाव्यात.

ब्रिटनच्या लिबरल डेमोक्रॅट पक्षाच्या उमेदवारांनी २०१० च्या निवडणुकीपूर्वी विद्यापीठांच्या शुल्कवाढीविरुद्ध मत देण्याच्या लेखी प्रतिज्ञेवर स्वाक्षऱ्या केल्या होत्या. ५७ जागा मिळवून पक्ष आघाडी सरकारात गेला आणि डिसेंबर २०१० मध्ये वार्षिक शुल्काची मर्यादा ९,००० पौंडांपर्यंत वाढवण्याच्या प्रस्तावाला पक्षाच्या अनेक खासदारांनी पाठिंबा दिला. सप्टेंबर २०१२ मध्ये नेते निक क्लेग यांनी चित्रफितीद्वारे माफी मागितली. ती माफी, पाळता येईल याची खात्री नसताना वचन दिल्याबद्दल होती. मतदारांचा राग मात्र वचन मोडल्याचा होता. शिवाय माफीनंतरही वाढलेले शुल्क तसेच राहिले, म्हणजे ज्याला फटका बसला त्याच्या पदरात काहीच पडले नाही. २०१५ मध्ये पक्षाचे केवळ ८ खासदार निवडून आले. आघाडीतील धाकट्या भागीदाराला सोसावी लागणारी इतर ओझीही त्यामागे होती, परंतु तुटलेल्या प्रतिज्ञेची आठवण सर्वांत खोल राहिली.

दुसरी घटना दिल्लीतील आहे. आम आदमी पक्षाचे अरविंद केजरीवाल यांनी फेब्रुवारी २०१४ मध्ये ४९ दिवसांनंतर मुख्यमंत्रिपदाचा राजीनामा दिला. विरोधकांनी त्यांना ‘भगोडा’ ठरवले आणि काही महिन्यांतच झालेल्या लोकसभा निवडणुकीत दिल्लीतील सातही जागा पक्ष हरला. येथे तक्रार नेमकी होती : तुम्ही जबाबदारी सोडून गेलात. पुढच्या विधानसभा निवडणुकीपूर्वी पक्षाने त्याच तक्रारीला उत्तर दिले. राजीनामा ही चूक होती, असे नेत्याने वारंवार जाहीरपणे कबूल केले आणि ‘पाच साल केजरीवाल’ या घोषणेतून पूर्ण मुदत काम करण्याचे आश्वासन दिले. फेब्रुवारी २०१५ मध्ये ७० पैकी ६७ जागा मिळाल्या. राग ज्या गोष्टीचा होता, माफी त्याच गोष्टीची होती, आणि चूक दुरुस्त करण्याची संधी अजून शिल्लक होती. हाच दोन्ही घटनांतील महत्त्वाचा फरक आहे. असा परत मिळालेला विश्वास कायमचा नसतो, हेही येथे नोंदवले पाहिजे : त्याच पक्षाने २०२५ मध्ये दिल्लीची सत्ता गमावली.

दाराआड एक, दारात दुसरे

मतदारांबद्दल किंवा प्रतिस्पर्ध्याच्या सामाजिक पार्श्वभूमीबद्दल तुच्छतेने बोललेले एक वाक्य वर्षभराचा जनसंपर्क धुऊन टाकते. २०१२ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षपदाचे रिपब्लिकन उमेदवार मिट रोमनी यांनी देणगीदारांच्या भोजनप्रसंगी ४७ टक्के अमेरिकी लोक सरकारवर अवलंबून असल्याचे म्हटले आणि ते चित्रित झाले. २०१६ मध्ये डेमोक्रॅटिक उमेदवार हिलरी क्लिंटन यांनी प्रतिस्पर्धी डोनाल्ड ट्रम्प यांच्या निम्म्या समर्थकांसाठी वापरलेले तुच्छतादर्शक शब्द त्या समर्थकांनी अभिमानाने टी-शर्टवर मिरवले. जानेवारी २०१४ मध्ये काँग्रेसच्या मणिशंकर अय्यर यांनी नरेंद्र मोदी यांच्या चहाविक्रीच्या भूतकाळावरून टोमणा मारला, आणि भाजपने त्यावरच ‘चाय पे चर्चा’ हा कार्यक्रम उभा केला. अशा प्रसंगानंतर पक्ष प्रवक्त्यांना ‘संदर्भ सोडून विधान दाखवले’ असे सांगण्याच्या कामाला लावतात, तेव्हा नुकसान दुप्पट होते. बोलण्याचे प्रशिक्षण देऊन ही चूक टळत नाही. बंद खोलीत मतदारांची टिंगल सहज चालत असेल, तर ती कधी ना कधी बाहेर येणारच. पक्षाच्या बैठकीत ती पहिल्यांदा ऐकू येते तेव्हाच ज्येष्ठांनी थांबवली पाहिजे.

संपर्क, पण फक्त मतदानापुरता

घरोघरी जाण्याचे महत्त्व संशोधनाने सिद्ध झालेले आहे, मात्र त्याचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. राज्यशास्त्रज्ञ अ‍ॅलन गर्बर आणि डोनाल्ड ग्रीन यांनी १९९८ मध्ये अमेरिकेतील न्यू हेवन येथे केलेल्या प्रयोगात प्रत्यक्ष भेटीमुळे मतदानाचे प्रमाण लक्षणीय वाढले, तर व्यावसायिक दूरध्वनी केंद्रांतून केलेल्या फोनचा परिणाम दिसला नाही. पण हा परिणाम मतदानाला जाण्यावरचा आहे, मत बदलण्यावरचा नाही. जोशुआ कल्ला आणि डेव्हिड ब्रूकमन यांनी २०१८ मध्ये ४९ क्षेत्रीय प्रयोगांचा आढावा घेतला, तेव्हा अमेरिकेतील सार्वत्रिक निवडणुकांत प्रचारसंपर्काने मत वळवण्याचा सरासरी परिणाम जवळपास शून्य आढळला. याच दोघांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मायामीतील प्रयोगात मात्र, तृतीयपंथीयांविषयीचे पूर्वग्रह सुमारे दहा मिनिटांच्या संवादाने कमी झाले आणि तो बदल किमान तीन महिने टिकला. त्या संवादात कार्यकर्ता भाषण देत नव्हता. समोरच्या माणसाला स्वतःचे अनुभव आठवून बोलायला प्रवृत्त करत होता.

हे निष्कर्ष दुसऱ्या देशांत जसेच्या तसे लागू होतील असे नाही. तरीही पत्रक हातात देऊन पुढच्या दाराकडे जाणारा कार्यकर्ता पक्षाची प्रतिमा सुधारत नाही, एवढे त्यांवरून मानायला हरकत नाही. निवडणूक जाहीर झाल्यावर सुरू होणारा संपर्क आपल्या मतदाराला केंद्रापर्यंत आणण्यासाठी उपयोगी आहे. दुरावलेल्यासाठी निवडणूक नसलेली वर्षेच उपयोगी असतात. त्या काळात ऐकलेली तक्रार कोणी लिहून घेतली, तिचे पुढे काय झाले आणि ते सांगायला कोणी परत गेले का, हे प्रश्न प्रत्येक शाखेच्या बैठकीत विचारले गेले पाहिजेत. परत न जाता केवळ तक्रारी गोळा करणे हे अजिबात न जाण्यापेक्षा वाईट, कारण त्यातून अपेक्षा निर्माण होते आणि तिचा भंगही पक्षाच्याच नावावर जमा होतो.

अहवाल एकीकडे, उमेदवारी दुसरीकडे

२०१२ च्या पराभवानंतर अमेरिकेच्या रिपब्लिकन पक्षाने मार्च २०१३ मध्ये स्वतःचे परखड परीक्षण प्रसिद्ध केले आणि सर्वसमावेशक स्थलांतर सुधारणेला पाठिंबा देण्याची शिफारस केली. जूनमध्ये सिनेटने तसे विधेयक ६८ विरुद्ध ३२ मतांनी संमतही केले, पण त्याच पक्षाचे बहुमत असलेल्या प्रतिनिधिगृहाने ते मतदानालाच घेतले नाही. पुढे २०१६ मध्ये पक्ष नेमक्या उलट भूमिकेवर अध्यक्षपद जिंकला. म्हणून प्रतिमा सुधारल्याशिवाय निवडणूक जिंकताच येत नाही, असा दावा करता येणार नाही. मात्र ज्या गटांना पक्षाने लेखी स्वरूपात ‘आम्ही बदलू’ असे सांगितले, त्यांच्या दृष्टीने तो शब्द पोकळ ठरला.

आपल्याकडे हीच विसंगती उमेदवारी वाटपात सर्वाधिक दिसते. स्वच्छ राजकारणाची भाषा करायची, वर्षानुवर्षे सतरंज्या उचलणाऱ्या कार्यकर्त्याला थांबायला सांगायचे आणि गंभीर गुन्हे दाखल असलेल्या किंवा कालच दुसऱ्या पक्षातून आलेल्या व्यक्तीला तिकीट द्यायचे, हे मतदार बारकाईने पाहतो. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२० मध्ये पक्षांना आदेश दिला, की गुन्हे प्रलंबित असलेल्या उमेदवाराची माहिती आणि त्याच्या निवडीची कारणे संकेतस्थळावर, वृत्तपत्रात व समाजमाध्यमांवर प्रसिद्ध करावीत, आणि केवळ निवडून येण्याची क्षमता हे कारण पुरेसे मानले जाणार नाही. प्रतिमेची चिंता करणाऱ्या पक्षाने हा तपशील कायद्याची पूर्तता म्हणून कोपऱ्यात छापण्याऐवजी, उमेदवार निश्चित करण्यापूर्वीच ती कारणे लिहून काढावीत. ती लिहिताना पक्षाच्या निवड समितीलाच अवघडल्यासारखे होत असेल, तर त्या नावाचा फेरविचार तिथेच करावा.