बी.एड., डी.एल.एड. करताय? स्कॉलरशिप बसते का, ते फी भरण्याआधी असं तपासा

‘बी.एड.ला स्कॉलरशिप बसते का हो?’ बसते. पण एकाच बाकावर बसणाऱ्या दोघींपैकी एकीला मिळते आणि दुसरीला मिळत नाही, असंही होतं. कोर्सचं नाव एकच, पण प्रवेशाची वाट वेगळी. त्यामुळे पैसे भरण्याआधी पुढच्या क्रमाने तपासत जा.

१. मान्यता बघा

डी.एल.एड. (म्हणजे आपलं जुनं डी.एड.), बी.एड., एम.एड., बी.पी.एड. हे एनसीटीईच्या (राष्ट्रीय शिक्षक शिक्षण परिषदेच्या) मान्यतेचे कोर्स. कॉलेजचं नाव एनसीटीईच्या वेबसाइटवर पश्चिम विभागाच्या यादीत स्वतः शोधा, माहितीपत्रकावर विसंबू नका. बी.एड. असेल तर विद्यापीठाची संलग्नता बघा. नाशिकमधल्या बहुतेक कॉलेजांना ती पुणे विद्यापीठाची असते. सहा महिन्यांचे ‘नर्सरी टीचर’ छाप सर्टिफिकेट कोर्स शिकायला चांगले असतीलही, पण शिष्यवृत्तीसाठी ते धरू नका.

इथेच एक गोष्ट सांगून टाकतो. ११ ऑगस्ट २०२३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर पहिली ते पाचवीच्या शिक्षकपदासाठी बी.एड. चालत नाही, डी.एल.एड. लागतं. जिल्हा परिषदेची प्राथमिक शाळा डोळ्यासमोर असेल, तर फुकट मिळालेलं बी.एड.सुद्धा महागात पडेल.

२. प्रवेश कॅपमधूनच (केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतूनच) घ्या

सगळी मेख इथे आहे. बी.एड.साठी राज्याच्या सीईटी कक्षाची परीक्षा आणि त्यानंतर कॅप राउंड. डी.एल.एड.ची केंद्रीय प्रवेश प्रक्रिया पुण्याच्या राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेकडून होते. या मार्गाने मिळालेली जागाच शिष्यवृत्तीला चालते. मॅनेजमेंट कोट्यातून ‘थेट’ प्रवेश घेतला की दार बंद.

आमच्या ओळखीतल्या एका मुलीला पहिल्या राउंडमध्ये घरापासून लांबचं कॉलेज मिळालं. तिने ते सोडलं आणि जवळच्या कॉलेजात कोट्यातून नाव घातलं. ‘फॉर्म भरून ठेव, होईल काहीतरी,’ असं तिथे सांगितलं गेलं. काही झालं नाही. दोन्ही वर्षांची पूर्ण फी वडिलांनी भरली. म्हणून प्रवेश घेताना सरळ विचारा, ‘ही कॅपची सीट आहे का?’ अलॉटमेंट लेटर हातात नसेल, तर उत्तर नाही असंच समजा.

वकिली, फार्मसी, इंजिनिअरिंग, एमबीए, नर्सिंग यांनाही हीच कसोटी. फक्त मान्यता देणारी परिषद बदलते.

३. आपली योजना ओळखा

अर्ज महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर करायचा असतो. अनुसूचित जाती आणि जमातींसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला अडीच लाख. अनुसूचित जातीच्या मुलांचं उत्पन्न त्याहून जास्त असेल तर फ्रीशिप (फीमाफी) बघा. खुल्या प्रवर्गासाठी राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क योजना, मर्यादा ८ लाख. तिच्यात व्यावसायिक कोर्सची निम्मी फी मिळते, तीही घरातल्या पहिल्या दोनच अपत्यांना. मुलींचं मात्र बदललं आहे. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) आणि ओबीसी मुलींना, उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर, कॅपमधून घेतलेल्या व्यावसायिक कोर्सची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे.

बी.ए. झाल्यावर पुन्हा बी.कॉम., असं त्याच पायरीवरचं दुसरं शिक्षण मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत बसत नाही. बी.ए.नंतर बी.एड. ही वेगळी गोष्ट.

४. कागद आधी, फॉर्म नंतर

तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, अधिवास, जातीचा दाखला, लागत असेल तिथे जातीची व्हॅलिडिटी (वैधता प्रमाणपत्र), मार्कशीट, अलॉटमेंट लेटर. शिक्षणात खंड पडला असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र. बँक खात्याला आधार नुसता ‘दिलेला’ असून भागत नाही, डीबीटीसाठी (पैसे थेट खात्यात येण्यासाठी) जोडलेला लागतो. शाखेत जाऊन खात्री करा. फॉर्म सबमिट केल्यावर प्रिंट कॉलेजच्या लिपिकाकडे द्या आणि पोर्टलवर लॉगिन करून बघत राहा. त्रुटीसाठी परत आलेला अर्ज मुदतीत दुरुस्त केला नाही तर तो तिथेच पडून राहतो.

नाशिक जिल्ह्यात अडलं तर अनुसूचित जातीच्या योजनांसाठी नाशिकमधलं नासर्डी पुलाजवळचं सामाजिक न्याय भवन. आदिवासी मुलांसाठी आदिवासी विकास विभागाचं प्रकल्प कार्यालय: पेठ-दिंडोरीकडच्यांना नाशिक, सुरगाण्याकडच्यांना कळवण. गडकरी चौकात आदिवासी विकास भवन आहे, पण तिथे बसतात ते आयुक्त. आधी प्रकल्प कार्यालय गाठा.

५. शिष्यवृत्ती नाहीच बसली तर कर्ज

बँकांच्या शैक्षणिक कर्जात शिक्षक प्रशिक्षण आणि नर्सिंग दोन्ही येतात, मात्र कोर्स केंद्र किंवा राज्य सरकारच्या मान्यतेचा हवा. ४ लाखांपर्यंत स्वतःचा वाटा घालावा लागत नाही आणि तारणही नाही. अर्ज विद्यालक्ष्मी या शैक्षणिक कर्जाच्या पोर्टलवर करता येतो. शाखेत ‘बी.एड.ला देत नाही’ असं तोंडी सांगितलं, तर नकार लेखी मागा. बऱ्याचदा तिथून बोलण्याचा सूर बदलतो.

नोकरीत असलेल्या शिक्षकांसाठी गंगापूर धरणाजवळच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचं बी.एड. आहे. पगार चालू असल्याने शिष्यवृत्तीचे नियम तिथे वेगळे लागतात. प्रवेशाआधी विद्यापीठाकडूनच विचारून घ्या.

आणि दुसऱ्या वर्षी अर्जाचं नूतनीकरण करायला विसरू नका. ते आपोआप होत नाही.