जुन्या गाडीला अलॉय व्हील बसवताना या चुका टाळा

चाक हबवर (ते ज्यावर बसतं त्या भागावर) गेलं, नट आवळले, गाडी जॅकवरून खाली आली आणि उभी छान दिसली की काम झालं, असं बहुतेकांना वाटतं. चाक खरंच बसलंय का हे कळतं नंतर, पूर्ण वळण घेताना, खड्ड्यात, मागच्या सीटवर तीन माणसं असताना. त्यात जुन्या गाडीला चाकांच्या मापांच्या तक्त्यातले आकडे पुरत नाहीत. तक्ता कारखान्यातून निघालेल्या गाडीचा असतो. समोर उभी असलेली गाडी स्प्रिंगा दबलेली, कदाचित दुसऱ्या मॉडेलचे ब्रेक लावलेली असते. मोजायचं ते तिला.

पीसीडी ‘जवळपास’ जुळतोय म्हणून चालवून घेणं

नट-बोल्टच्या छिद्रांच्या मध्यांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास म्हणजे पीसीडी. कित्येक जुन्या फियाट गाड्यांचा तो ४×९८ (चार छिद्रं, ९८ मिमी व्यास) असतो, आणि बाजारात मुबलक मिळतात त्या ४×१०० च्या रिम. दोन मिलिमीटरचाच फरक, त्यामुळे नट ओढून-ताणून आत जातातही. पण ते तिरके ताणलेले राहतात, बैठकीवर (नट रिमला टेकतो तिथे) पूर्ण टेकत नाहीत आणि चालता चालता सैल होतात.

इंचांच्या काळातल्या गाड्या याहून फसव्या. जुन्या मिनीचा पीसीडी चार इंच, म्हणजे १०१.६ मिमी, तिलाही लोक १००चीच समजतात. बीटल तर सुरुवातीला ५×२०५ होती आणि पुढे ४×१३० झाली, त्यामुळे नुसतं गाडीचं नाव सांगून रिम मागवण्यात अर्थ नाही. पाच छिद्रं असतील तर समोरासमोर मोजता येत नाही. अशा वेळी शेजारच्या दोन छिद्रांच्या मध्यांमधलं अंतर व्हर्नियरने घ्या आणि १.७०१ ने गुणा. टेपने घेऊ नका: ५×१२० आणि ५×१२०.६५ यांत हे अंतर जेमतेम ०.४ मिमीने बदलतं.

ऑफसेट न मोजता रुंद रिम घेणं

सगळ्यात जास्त चाकं इथे घासतात. ऑफसेट म्हणजे रिमच्या मध्यरेषेपासून हबला टेकणाऱ्या बाजूपर्यंतचं अंतर, मिलिमीटरमध्ये; रिमवर ते ‘ईटी’ म्हणून लिहितात. ‘जे’च्या आधीचा आकडा रिमची इंचांतली रुंदी. समजा मूळ चाक ५.५जे, ईटी ४५ आहे आणि नवं ७जे, ईटी ३५. रुंदी दीड इंच, म्हणजे ३८ मिमी वाढली. दोन्ही बाजूंना १९-१९. ऑफसेट १० ने कमी झाला, म्हणून अख्खं चाक तेवढं बाहेर सरकलं. बाहेरची कड २९ मिमी बाहेर आली आणि आतली ९ मिमी आत गेली. हे गणित पैसे देण्याआधी कागदावर मांडायचं आणि मग मडगार्डची कड, शॉक अब्सॉर्बर आणि ब्रेकचा होज यांपाशी खरोखर किती जागा आहे ते पाहायचं. ‘जे’चा आकडा टायर टेकतो तिथली रुंदी सांगतो. रिमच्या दोन्ही कडा धरल्या तर चाक साधारण इंचभर आणखी रुंद भरतं.

मागच्या चाकांवर चालणाऱ्या जुन्या गाड्यांचा ऑफसेट बहुधा कमी असतो. त्यांना आजच्या ईटी ४० च्या रिम लावल्या की चाक आत घुसतं आणि मग कोणीतरी स्पेसर (हब आणि रिमच्या मध्ये घालायची चकती) सुचवतो. स्पेसरने चाक बाहेर येतं, पण नटाला धरायला तेवढा स्टड (हबमधून बाहेर येणारा आट्यांचा दांडा) कमी उरतो. लांब स्टड लावणार नसाल तर स्पेसर नकोच. आणि चाक मूळ जागेपेक्षा फार बाहेर नेलं की आधीच झिजलेल्या बेअरिंगवर ताण वाढतो, खड्ड्यात स्टीअरिंग हातातून ओढल्यासारखं होतं.

बॅलन्सिंग केलं, तरी स्टीअरिंग थरथरतं?

ताशी ८०-१०० च्या आसपास थरथर सुरू होत असेल तर पुन्हा पुन्हा बॅलन्सिंग करून फायदा नाही. रिमचं मधलं भोक हबपेक्षा मोठं आहे का ते बघा. असेल तर चाक नेमकं मध्यावर यावं म्हणून मापाची हब-रिंग (ती फट भरणारी कडी) लागते. त्याआधी हबची चाक टेकतं ती बाजू तारेच्या ब्रशने घासा. जुन्या हबवरची गंजाची खपली चाक तिरकं बसवायला पुरेशी असते.

जुनेच नट वापरणं

काही नटांची बैठक शंकूसारखी, काहींची गोलाकार, काहींची सपाट. रिमची बैठक वेगळी निघाली तर नट बारीकशा रेघेवर टेकतो आणि टॉर्क रेंच (किती जोराने आवळलं ते मोजणारा पाना) मात्र ‘घट्ट’ म्हणतं. अलॉय रिम पोलादी रिमपेक्षा जाड असते, म्हणून नटाचे फेरेही मोजा: एम१२×१.५ (१२ मिमी जाडी, आट्यांमध्ये १.५ मिमी अंतर) ला किमान आठ. पन्नास-शंभर किलोमीटर चालवल्यावर पुन्हा टॉर्क तपासा.

टायर

चाकाचा बाहेरचा व्यास मूळच्या जवळ राहिला पाहिजे. १५५/८० आर१३ चा व्यास ५७८ मिमी; १८५/६० आर१४ चाही जवळजवळ तेवढाच. १८५/६५ आर१५ लावला तर तो ६२१ वर जातो: बरोबर असलेला स्पीडोमीटरचा काटा १०० दाखवेल तेव्हा गाडी १०७ ने धावत असेल. लोड इंडेक्स (टायर किती भार पेलतो त्याचा क्रमांक) मूळपेक्षा कमी घेऊ नका.

टायर चढवून मगच फिटिंग बघणं

क्रम उलटा ठेवा, कारण टायर चढवलेली रिम सहसा कोणी परत घेत नाही. आधी नुसती रिम लावून हाताने फिरवा. ब्रेकच्या कॅलिपरवर मातीचा गोळा चिकटवला की फट किती ते कळतं. साधारण ३ मिमी तरी हवी, आणि आतून चिकटवायची बॅलन्सिंगची वजनं त्यातलीच जागा खातात. टायर चढल्यावर गाडीत माणसं बसवून दोन्ही बाजूंना पूर्ण वळण घ्या, रिव्हर्समध्येसुद्धा. मग मडगार्डच्या आत चकाकणारे घासल्याचे डाग शोधा.

राहिली स्टेपनी. ती अजून पोलादी असेल तर तिला जुनेच नट लागतील, डिकीत ठेवा.