प्रीमियर लीगच्या सीझनचे टॉप प्लेयर आकड्यांवरून कसे लावायचे, शीट उघडून बसा

मे महिन्याचा शेवट, मानकुराद आंबा संपत आलेला, पाऊस तोंडावर, आणि तिकडे इंग्लंडमधे फुटबॉलच्या प्रीमियर लीगचा सीझन आटोपलेला असतो, तेव्हा आमच्या गोव्यात फोंड्याच्या पोरांत दरवर्षी एकच वाद, यंदाचे टॉप दहा प्लेयर कोण. आणि दरवर्षी तो वाद गोलच्या यादीपाशी येऊन थांबतो, ज्याचे गोल जास्त तो वर, झालं. मी लहानपणापासून कापणी झालेल्या शेतात स्टॉपरला, म्हणजे गोलसमोर मधल्या डिफेंडरच्या जागी, खेळलोय त्यामुळे मला हे खरंच लागतं, कारण मागे उभा राहून जो काम करतो त्याचं नाव त्या यादीत येणारच नाही ना. म्हणून मी दर सीझनला स्वतःची शीट करतो. लॅपटॉप नसला तरी चालतं, मोबाइलवर गूगल शीट्स पुरे, आणि गणित दहावीच्या वरचं नाही.

सगळ्यात आधी शीटच्या पहिल्या ओळीत प्रश्न लिहा. हे लोक करतच नाहीत आणि मग मधेच गोंधळ होतो. "या सीझनला कोण भारी खेळला" हा एक प्रश्न, आणि "पुढच्या सीझनला कोण भारी खेळेल" हा वेगळाच प्रश्न. पहिल्यात जे गोल झाले ते झाले, नशिबाने गेला असला तरी त्या गोलने टीमला पॉइंट मिळालेत, ते काढून घेता येत नाहीत. दुसऱ्यात नशीब बाजूला काढावं लागतं. मी इथे पहिल्या प्रश्नाबद्दलच लिहितोय.

आकडे कुठून घ्यायचे तर प्रीमियर लीगची ऑफिशियल साइट, सोफास्कोर, फोटमॉब, आणि एक्सजीसाठी (शॉटवरून किती गोल व्हायला हवे होते त्याचा अंदाज, पुढे सांगतो) अंडरस्टॅट, सगळं फुकट बघायला मिळतं. फक्त एक पथ्य पाळा, एक रकाना एकाच ठिकाणाहून भरा. प्रत्येक कंपनीची मोजायची रीत वेगळी आहे, एकाचा टॅकल (पाय घालून समोरच्याकडून बॉल काढणं) दुसऱ्याकडे टॅकल नसतो, एक्सजीचं मॉडेलही प्रत्येकाचं आपापलं. आणि फँटसी, म्हणजे ऑनलाइन टीम निवडायच्या खेळामधले असिस्ट (गोलआधीचा शेवटचा पास) तर अजिबात उचलू नका, तिथे पेनल्टी मिळवून दिली आणि ती गोलमधे गेली तर मिळवून देणाऱ्याला असिस्ट देतात, लीगच्या हिशोबात तसं नसतं.

आता मिनिटं. सीझन ३८ मॅचचा, म्हणजे एका प्लेयरला जास्तीत जास्त ३४२० मिनिटं. कोणी पूर्ण खेळतो, कोणी शेवटची वीस मिनिटं येतो, म्हणून सगळं ९० मिनिटांमागे काढायचं, आकडा गुणिले ९० भागिले मिनिटं, बस. १८०० मिनिटांत १० गोल म्हणजे ९० मिनिटांमागे ०.५. पण २०० मिनिटांत ३ गोल करणाऱ्याचं हेच गणित १.३५ येतं आणि तो थेट यादीच्या डोक्यावर बसतो, म्हणून किमान मिनिटांची अट हवीच. मी १७०० ठेवतो, म्हणजे साधारण अर्धा सीझन. याच कारणासाठी चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या सुमारास केलेल्या याद्या मी बघतही नाही, तेव्हा जेमतेम तीनचार मॅच झालेल्या असतात. नाताळापर्यंत थांबलात की निम्मा सीझन हातात येतो आणि आकड्यांना थोडं वजन येतं, शिगमोपर्यंत, म्हणजे होळीपर्यंत थांबलात तर अजून बरं.

पण नुसतं ९० मिनिटांमागेच धरून बसलं की दुसरी चूक होते. सगळ्या ३८ मॅच खेळणं हीसुद्धा मोठी गोष्ट आहे, जो दुखापतीने दोन महिने घरी बसला त्याने त्या दोन महिन्यांत टीमला काही दिलं नाही, त्याची चूक नसली तरी. म्हणून माझ्या शीटमधे दोन्ही रकाने असतात, ९० मिनिटांमागचा आकडा ६० टक्के आणि पूर्ण सीझनची बेरीज ४० टक्के.

उदाहरण घेऊ म्हणजे कळेल. २०२४-२५ चा सीझन. गोलची यादी अशी होती, सालाह २९, इसाक २३, हालांड २२, मग एम्ब्यूमो आणि क्रिस वूड दोघांचे २०, त्यांच्यामागे विसा १९. आता यातून पेनल्टी काढा. का काढायच्या, तर पेनल्टी शंभरात पंचाहत्तरएक जातातच, आणि मारायला कोणाला द्यायची हे कोच ठरवतो, म्हणजे हा आकडा बराचसा नेमणुकीचा आहे. सालाहच्या ९ जातात, उरले २०. इसाकच्या ४, उरले १९. हालांडच्या ३, त्याचेही १९. एम्ब्यूमोच्या ५, उरले १५, वूडच्या ३, उरले १७. आणि विसाची एकही पेनल्टी नव्हती, त्याचे १९ तसेच राहिले! म्हणजे सहाव्या नंबरावरचा विसा एकदम इसाक आणि हालांडच्या पंगतीत येऊन बसला. ब्रेंटफर्डमधे पेनल्टी एम्ब्यूमो मारायचा, म्हणून साध्या यादीत विसा मागे दिसत होता.

इथे मिनिटांऐवजी मॅचने भागून दाखवतो, तोंडी हिशोबाला सोपं पडतं. हालांड ३१ मॅच खेळला, १९ भागिले ३१ म्हणजे ०.६१, इसाक ३४ मॅच, ०.५६, विसा ३५ मॅच, ०.५४, सालाह ३८ मॅच, ०.५३. बघा, सालाह चौथा गेला. इथेच थांबलात तर हालांड सीझनचा राजा. आता असिस्ट घाला, सालाहचे १८, इसाकचे ६, विसाचे ४, हालांडचे ३. पेनल्टीशिवायचे गोल अधिक असिस्ट धरले तर सालाहचे ३८ मॅचमधे ३८, म्हणजे मॅचला बरोबर १, इसाक ०.७४, हालांड ०.७१, विसा ०.६६. फरक किती झाला बघा. पेनल्टी धरून सालाहचे गोल आणि असिस्ट मिळून ४७ होते, ३८ मॅचच्या सीझनमधे एवढे कोणाचेच नव्हते, आणि आधी शिअरर आणि अँडी कोल यांनी ४७ केले होते ते ४२ मॅचच्या जमान्यात. आणि हा माणूस विंगवरून, म्हणजे मैदानाच्या कडेने खेळतो, नऊ नंबर म्हणजे मधला स्ट्रायकर नाही.

असिस्टमधे पण एक खोट आहे. तुम्ही सोन्यासारखा पास दिलात आणि समोरच्याने बाहेर मारला की असिस्ट नाही, आणि साधा दोन मीटरचा पास देऊन समोरच्याने तीस मीटरवरून टॉप कॉर्नरमधे ठोकला तर असिस्ट. म्हणून बाजूला एक्सए ठेवायचा, म्हणजे तुमच्या पासवरून किती गोल व्हायला हवे होते त्याचा अंदाज. एक्सजी पण तसाच, प्रत्येक शॉटला शून्य ते एक मधला आकडा, तशा जागेवरून तसा शॉट किती वेळा आत जातो त्यावरून. सीझनचा हिशोब मांडताना मी खरे गोल-असिस्ट ७० टक्के धरतो आणि एक्सजी-एक्सए ३०, कारण प्रश्न काय झालं हा आहे. पुढच्या वर्षासाठी टीम निवडायची असेल तर उलटं करा. कॉर्नर आणि फ्रीकिक घेणाऱ्यांचे चान्सेस फुगलेले दिसतात तेवढं लक्षात ठेवा, साइटवर ओपन प्लेचा, म्हणजे चालू खेळातला, वेगळा आकडा मिळाला तर तो घ्या.

आता माझा जिव्हाळ्याचा विषय, डिफेन्स. इथे बहुतेक लोक टॅकल मोजतात आणि जास्त टॅकल म्हणजे भारी डिफेंडर असं ठरवतात. अहो पण टॅकल करायची वेळ कधी येते, तर बॉल समोरच्याकडे असतो तेव्हा. २०१५-१६ ला लेस्टरने लीग जिंकली तेव्हा कांटेने १७५ टॅकल केले होते, लीगमधे सगळ्यात जास्त, आणि तो खरोखरच अफाट खेळला त्यात वादच नाही, पण लेस्टर बॉल समोरच्याला देऊन मागे थांबणारी टीम होती हे पण खरं. बॉल जवळ ठेवणाऱ्या टीमच्या प्लेयरला तेवढ्या संधीच मिळत नाहीत.

यावर उपाय आहे, पझेशन, म्हणजे बॉल कोणाकडे किती वेळ होता ते, सारखं करून घ्यायचं. टॅकल गुणिले ५०, भागिले समोरच्या टीमकडे सरासरी किती टक्के बॉल होता तो आकडा. समजा एकाच्या टीमकडे ६० टक्के बॉल असतो, म्हणजे समोरच्याकडे ४०, आणि हा मॅचला २ टॅकल करतो, तर २ गुणिले ५० भागिले ४० म्हणजे २.५. दुसऱ्याची टीम ४० टक्केवाली, समोरच्याकडे ६०, हा मॅचला २.४ टॅकल करतो, तर हिशोब येतो २.०. आधी दुसरा पुढे होता, आता पहिला पुढे. इंटरसेप्शनला, म्हणजे समोरच्याचा पास मधेच अडवण्याला, पण हेच करा.

तरीसुद्धा सेंटर बॅकसाठी, म्हणजे स्टॉपरसाठी, मी टॅकलला कमीच वजन देतो. २०१८-१९ ला व्हॅन डाइकला लीगमधे एकही प्लेयर ड्रिबल करून पार करू शकला नव्हता आणि इंग्लंडमधल्या प्लेयर लोकांनी मतं देऊन त्यालाच सीझनचा बेस्ट ठरवला. असा डिफेंडर टॅकलमधे दिसतच नाही, कारण स्ट्रायकर त्याच्या अंगावर जायचंच टाळतो, बॉल बाजूला देतो. मी स्वतः स्टॉपरला खेळताना हे शिकलो, जिथे मी आधीच उभा असेन तिथे पास येत नाही. मग आकड्यांत काय बघायचं? किती वेळा ड्रिबल होऊन पार झाला, हवेतले बॉल किती टक्के जिंकले, गोल होण्यासारखी चूक किती वेळा केली, पुढे नेणारे पास किती, आणि टीमविरुद्ध समोरच्यांचा एक्सजी किती झाला. शेवटचं टीमचं आहे, एकट्याचं नाही, म्हणून त्याला वजन थोडंच.

गोलकीपरचं थोडक्यात. क्लीन शीटवर, म्हणजे एकही गोल न खाल्लेल्या मॅचवर, जाऊ नका. २०२४-२५ ला सगळ्यात जास्त क्लीन शीटचं बक्षीस, गोल्डन ग्लोव्ह, आर्सेनलचा राया आणि नॉटिंगहॅम फॉरेस्टचा सेल्स दोघांत वाटला गेला, दोघांच्या १३-१३ क्लीन शीट. पण आर्सेनलने अख्ख्या सीझनला ३४ गोल खाल्ले, लीगमधे सगळ्यात कमी, फॉरेस्टने ४६. पुढची भिंतच वेगळी, मग १३ आणि १३ सारखे कसे? कीपरसाठी एकच आकडा नीट बघा, गोल प्रिव्हेंटेड. गोलवर आलेले शॉट कुठल्या कोपऱ्यात होते ते धरून किती गोल जायला हवे होते, त्यातून खरे खाल्लेले वजा करायचे. हा आकडा अधिक मधे असेल तर कीपरने टीमला वाचवलं.

आता सगळ्यांना एका यादीत कसं आणायचं. स्ट्रायकर आणि स्टॉपरची थेट तुलना होत नाही, म्हणून आधी सहा गट करा, कीपर, सेंटर बॅक, फुल बॅक (कडेचे डिफेंडर), मागचे मिडफिल्डर, विंगर आणि दहा नंबरवाले (स्ट्रायकरच्या मागून खेळणारे) मिळून एक, आणि स्ट्रायकर. प्रत्येक आकड्याची त्या गटातली सरासरी आणि स्टँडर्ड डेव्हिएशन (आकडे सरासरीपासून किती पसरलेत ते) काढा, दोन्हीचे फॉर्म्युले शीट्समधे तयार आहेत. मग प्लेयरचा आकडा वजा सरासरी, भागिले डेव्हिएशन. स्ट्रायकरांची सरासरी ०.३० आणि डेव्हिएशन ०.१५ असेल तर ०.६० वाल्याला अधिक २ मिळतात. सेंटर बॅकला त्याच्या गटात अधिक २ मिळाले तर तो स्वतःच्या कामात तेवढाच वर आहे, आणि मग दोघं शेजारी बसू शकतात. जिथे जास्त आकडा वाईट, जसं ड्रिबल होणं, तिथे चिन्ह उलटं करायला विसरू नका, एका वर्षी माझे सगळे फुल बॅक त्यामुळे उलटेसुलटे लागले होते. शेवटी वजनं लावून बेरीज.

शीट झाली की एक रकाना रिकामा ठेवा, जे आकड्यांत बसत नाही त्यासाठी. २०२३-२४ ला मँचेस्टर सिटी लीगमधे फक्त ३ मॅच हरली आणि त्या तिन्हींत रॉड्री खेळला नव्हता. पुढच्या सीझनला सप्टेंबरमधेच त्याचा गुडघा गेला आणि ९१ पॉइंटवाली टीम ७१ वर येऊन तिसरी आली. सगळं श्रेय एकट्याला देता येत नाही, दुसरेही जखमी होते, आणि तीन मॅच म्हणजे फारच थोडा पुरावा, म्हणून मी याला मार्क देत नाही, फक्त लिहून ठेवतो. दोघांची बेरीज अगदी जवळ आली की या रकान्याकडे बघतो.

शेवटचं काम वजनं हलवून बघायचं. सगळी वजनं दहा-दहा टक्के इकडेतिकडे करा आणि कोण हलतोय ते बघा. जो हलत नाही त्याची जागा पक्की. जे दोघं-तिघं सारखी जागा बदलतात त्यांना उगाच चौथा, पाचवा, सहावा असे नंबर देऊ नका, एकाच ओळीत लिहा. २०२४-२५ च्या माझ्या शीटमधे सालाह कुठल्याच वजनाने पहिल्या जागेवरून हलला नाही. दुसऱ्या जागेला मात्र इसाक आणि व्हॅन डाइक दर वेळी अदलाबदल करत होते, म्हणून दोघांना एकाच ओळीत ठेवलं आणि तिसरा नंबर रिकामा सोडला.