गिटारकडे परत वळताना या चुका टाळा

अगदी नवख्या विद्यार्थ्यापेक्षा बऱ्याच वर्षांनी परतलेला वादक शिकवायला अवघड असतो, असे माझे अनुभवाने बनलेले मत आहे. नवख्याला काही येत नसते आणि आपल्याला येत नाही हे त्याला ठाऊक असते. परतलेल्याला मात्र कॉर्ड आठवतात, स्ट्रमिंगचा ठेका आठवतो, गॅदरिंगमध्ये मिळालेला वन्समोअर तर फारच स्पष्ट आठवतो. डोक्यात सगळे शाबूत असते. बोटांच्या टोकांची कातडी, मनगटाचे स्नायू आणि खुद्द ते वाद्य यांनी मात्र मधल्या काळात कोणाचीही वाट पाहिलेली नसते. पुढे सांगितलेल्या बहुतेक चुका डोके आणि हात यांच्यातील या तफावतीतून होतात.

पहिली चूक एकही सूर वाजण्यापूर्वी होते. माळ्यावरून गिटार काढायची, फडक्याने पुसायची, बाजारातून तारांचा नवा संच आणायचा आणि त्याच संध्याकाळी मोबाइलवरच्या ट्यूनरने सगळ्या तारा पूर्ण सुरात चढवायच्या, हा क्रम इतक्या जणांनी इतक्या उत्साहाने पार पाडलेला मी पाहिला आहे की आता त्याची चीड येते. माझ्या ओळखीच्या एका बँक अधिकाऱ्यांची गिटार कोकणातल्या घरी, माळ्यावर, तारा ताणलेल्या अवस्थेतच कित्येक पावसाळे पडून होती. ‘तारा न चढवता आधी दाखवायला आणा,’ असे मी त्यांना फोनवर सांगितले होते. ‘चढवूनच आणतो, म्हणजे लगेच वाजवून पाहता येईल,’ असे त्यांचे उत्तर आले. ब्रिजच्या (फळीवर चिकटवलेली, तारांची खालची टोके धरणारी लाकडी पट्टी) मागच्या कडेचा गोंद दमट हवेने आणि सततच्या ताणाने आधीच सुटू लागला होता. तिथे साधा कागद सरकवून पाहिला असता तरी तो आत गेला असता. त्यांनी बारा गेजचा, म्हणजे सर्वांत बारीक तार 0.012 इंच जाडीची असलेला, संच चढवला. असा संच पूर्ण सुरात असताना सहा तारा मिळून सुमारे सत्तर किलो ओढ लावतात. रात्री हॉलमध्ये मोठा आवाज झाला आणि सकाळी ते माझ्याकडे आले तेव्हा गिटार एका हातात होती आणि तारांना लोंबकळणारा ब्रिज दुसऱ्या. ब्रिजच्या खाली वरच्या फळीची लांब सालपटे चिकटून आली होती. ती सालपटे एकेक करून पुन्हा जागी बसवणे, जुना गोंद खरवडणे, नवा गोंद लावून क्लॅम्पमध्ये दिवसभर आवळून ठेवणे, असा सगळा व्याप झाला. गिटार वाचली, पण फळीवरचा व्रण कायमचा राहिला.

म्हणून माझी स्वतःची सवय अशी आहे की पडून राहिलेल्या कोणत्याही स्टील तारांच्या गिटारला मी आधी दहा गेजचा हलका संच लावतो आणि तो अर्धा सूर खाली ठेवून एक-दोन दिवस तसाच सोडतो. ब्रिजच्या मागे कागद जात नाही, फळी फुगून वर आलेली नाही आणि नेक (गिटारची लांब मान) डोळ्यासमोर धरून पाहिल्यावर धनुष्यासारखी वाकलेली दिसत नाही, एवढी खात्री झाली की मगच पूर्ण सुरात आणतो. वाजवण्याची फारच घाई असेल, तर तारा अर्धा सूर खालीच ठेवून पहिल्या फ्रेटवर (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या म्हणजे फ्रेट) कॅपो, म्हणजे सर्व तारा एकत्र दाबणारा चिमटा, लावावा. सूर मूळचाच मिळतो, ताण कमी राहतो आणि नटजवळची (नट म्हणजे नेकच्या वरच्या टोकाची, तारा जिच्यावरून जातात ती पट्टी) उंची कमी झाल्याने बोटांनाही सुसह्य होते.

याच टप्प्यावरची आणखी एक घातक चूक म्हणजे नायलॉन तारांच्या गिटारला स्टीलच्या तारा चढवणे. ब्रिजला तारा गाठ मारून बांधायच्या असतील, तर ती गिटार सहसा नायलॉनचीच असते. नायलॉनचा संच साधारण चाळीस किलोच्या आसपास ओढतो आणि त्या गिटारची फळी, ब्रिज आणि नेक तेवढ्याच हिशोबाने बनवलेले असतात. ‘आवाज जरा मोठा हवा होता’ हे कारण मला आजवर कधीही पटलेले नाही.

ट्यूनरविषयी एवढेच सांगतो: पडद्यावर ‘ई’ हे अक्षर दिसले म्हणजे तार सुरात आली, असे समजू नये. खालची ई (सर्वांत जाड तार) सुमारे 82 हर्ट्झवर आणि वरची (सर्वांत बारीक, म्हणजे पहिली तार) सुमारे 330 हर्ट्झवर असते; ॲप सप्तक दाखवत नसेल, तर लोक पहिली तार चुकीच्या सप्तकाच्या दिशेने आवळत राहतात आणि ती तोंडासमोर तुटते. खुंटी पिळताना चेहरा बाजूला ठेवावा.

ट्रस रॉडला, म्हणजे नेकचा बाक कमी-जास्त करणाऱ्या तिच्या आतल्या धातूच्या सळीला, स्वतः हात लावू नये. पहिला फ्रेट आणि नेक जिथे बॉडीला मिळते तो फ्रेट असे दोन्ही एकाच वेळी दाबले असता सहाव्या-सातव्या फ्रेटवर तारेखाली व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीएवढी फट दिसावी. ती तशी दिसत असेल आणि तरीही तारा उंच वाटत असतील, तर दोष ट्रस रॉडचा नाही. तो सॅडल (ब्रिजवरची, तारा टेकतात ती पट्टी), फुगलेली फळी किंवा नेकचा कोन यांपैकी कशाचा तरी आहे, आणि रॉड पिळून तो जाणार नाही. दहा मिनिटांचा व्हिडिओ पाहून ॲलन की फिरवणाऱ्यांनी केलेले पराक्रम निस्तरण्यात कारागिरांचा बराच वेळ जातो.

आता बोटांकडे वळू, कारण दुसरी मोठी चूक तिथे होते. परतलेला वादक पहिल्याच रविवारी तीन तास वाजवतो. माझ्याकडे पूर्वी शिकलेली आणि आता नोकरीत स्थिरावलेली एक विद्यार्थिनी नेमके हेच करून आली होती. तिने थेट कॉलेजातले सर्वांत अवघड गाणे काढले होते, ज्यात एफ आणि बी मायनर हे दोन्ही बार कॉर्ड (तर्जनी आडवी धरून अनेक तारा एकदम दाबायचे कॉर्ड) वारंवार येतात. बोटांची कातडी सोलवटली, तेव्हा तिने कोणाच्या तरी सल्ल्याने टोकांवर झटपट चिकटणारा गोंद लावला आणि वाजवणे चालू ठेवले. गोंदामुळे बोटे दुखायची थांबली. परिणामी ती ज्या इशाऱ्यावर थांबली असती तो इशाराच नाहीसा झाला आणि सगळा भार अंगठ्यावर व मनगटावर आला. मनगट इतके दुखू लागले की पुढचे बरेच दिवस गिटार तर सोडाच, कुकरचे झाकण लावणेही तिला जमेना. आडवाटा शोधणाऱ्यांविषयी माझे मत त्या दिवसापासून अधिकच कडक झाले आहे.

बोटांच्या टोकांची आग आणि सांध्याची वेदना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. टोकांची आग साहजिक आहे. रोज थोडे वाजवत राहिल्यास साधारण तीन-चार आठवड्यांत पुन्हा घट्टे पडतात. मनगटात कळ येणे किंवा बोटांना मुंग्या येणे हे मात्र ताबडतोब थांबण्याचे कारण आहे, आणि विश्रांतीनंतरही ते टिकले तर डॉक्टरांकडे जावे. सुरुवातीला सकाळी पंधरा मिनिटे आणि रात्री पंधरा मिनिटे याहून अधिक वाजवू नये. अंघोळ केल्यावर किंवा भांडी घासल्यावर लगेच गिटार घेऊ नये, कारण मऊ पडलेल्या कातडीत तार खोल रुतते आणि आठवडाभर जमवलेला घट्टा सोलून निघतो.

एफ कॉर्डशी पहिल्या दिवशी झुंजण्यातही अर्थ नाही. पहिल्या फ्रेटवर नटच्या उंचीमुळे तार सर्वांत कडक लागते. तोच आकार पाचव्या फ्रेटवर धरा, म्हणजे ए मिळेल. तो स्वच्छ वाजू लागला की दर दोन-तीन दिवसांनी एकेक फ्रेट खाली या. तर्जनी सपाट न ठेवता किंचित हाडाच्या कडेवर वळवावी, फ्रेटच्या अगदी जवळ आणावी आणि जोर अंगठ्याच्या चिमटीतून न देता हाताच्या वजनातून द्यावा. हे सांगितल्यावर ‘पूर्वी तर पहिल्या फ्रेटवर सहज यायचा’ असे उत्तर मिळते. तेव्हा यायचा हे मान्य आहे. प्रश्न आजच्या बोटांचा आहे.

बाकीच्या चुका थोडक्यात. डाव्या हाताची नखे वाढलेली असताना कॉर्ड स्वच्छ लागत नाहीत, त्यासाठी गिटारला दोष देऊ नये. सोफ्यात रुतून बसू नये. बिनहाताची साधी खुर्ची घ्यावी. मेट्रोनोम (ठेका देणारे यंत्र) मिनिटाला साठ ठोक्यांवर लावून चार कॉर्ड बदलता येत नसतील, तर मूळ गाण्याबरोबर वाजवण्याचा अट्टहास सोडावा. जुनी गिटार एकदा कारागिराकडून नीट सेट करून घेतल्याशिवाय नवी, महागडी गिटार विकत घेऊ नये.

पावसाळ्याचे मात्र वेगळे सांगायला हवे. लाकडी गिटारला साधारण 45 ते 55 टक्के आर्द्रता मानवते. मुंबईत आणि कोकणात जुलैमध्ये ती सहज ऐंशीच्या वर जाते. फळी फुगते, तारा उंचावतात, स्टीलवर गंज चढतो आणि वादकाला वाटते की आपलाच हात बिघडला. त्या दिवसांत गिटार ओल येणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर टांगू नये. केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवावी, पुड्या महिन्याभराने बदलाव्यात आणि प्रत्येक वेळी वाजवून झाल्यावर तारा वरूनच नव्हे, तर कोरडे सुती फडके खालून घालूनही पुसाव्यात.