सोसायटीच्या आवारासाठी खराटा घेताय? आधी बांधणी बघा

सोसायटीचं आवार, पार्किंग, गेटसमोरचा रस्ता असं रोजचं दणकट झाडकाम असेल तर फूलझाडू आणि केरसुणी आधीच बाजूला ठेवा, ती घरातल्या फरशीची कामं. बाहेर लागतो खराटा. आणि खराटा टिकणार की नाही हे नव्वद टक्के त्याच्या बांधणीवर असतं, पण दुकानात लोक फक्त जाडी बघतात आणि भाव विचारतात.

हिराचा खराटा घ्यायचा असेल तर आधी उलटा धरून बुंधा बघा. हीर म्हणजे नारळाच्या पातीची मधली शीर, एका झावळीला साधारण दोनशे-अडीचशे पाती असतात म्हणजे तेवढेच हीर निघतात, आणि चांगल्या खराट्यात ते सगळे जवळपास एकाच लांबीचे असतात. हलक्या मालात बाहेरून लांब हीर लावतात आणि आत आखूड तुकडे भरतात, त्यामुळे मधे हात घालून चाचपल्याशिवाय घेऊच नका. मग मधलाच एक हीर धरून ओढा, सहज हातात आला तर तो खराटा तिथेच ठेवा. एक हीर वाकवून पण बघा, वाकून परत सरळ झाला पाहिजे, टक्कन तुटला तर माल जुना आहे किंवा कुठेतरी ओलीत पडून होता. हिरवट झाक असेल तर अजून कच्चा आहे, आज घट्ट वाटेल पण हीर वाळले की आक्रसतात आणि बांधणी सैल पडते, मग झाडता झाडता मागे हिरांचीच रांगोळी. आणि हिरांवर पातीचे तुकडे चिकटलेले नकोत, पावसाळ्यात बुरशी धरते ती तिथूनच.

आता बांधणी. एकाच जागी बांधलेला खराटा खाली फिसकारतो, म्हणून दोन ठिकाणी बांधलेला बघा, एक बुंध्याशी आणि दुसरी त्याच्या खाली चार-सहा बोटांवर. तार कुठली आहे हे विचारा. स्लॅबच्या कामात वापरतात ती काळी बाइंडिंग वायर आपल्याकडे लवकर गंजते, ठाणे काय नवी मुंबई काय, खाडीची दमट खारी हवा सगळीकडे आहे, त्यामुळे जीआय तार (जस्ताचा मुलामा दिलेली) असेल तर दोन पैसे जास्त द्या. तारेची टोकं आत वळवलेली हवीत, झाडणाऱ्या मावशींच्या तळहाताला ती रोज टोचतात आणि त्या बिचाऱ्या कुणाला सांगत पण नाहीत. टोकं बाहेर आलेली असतील तर वरून सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळा, पकड पण चांगली येते.

दांड्याबद्दल मला मनापासून सांगायचंय. बहुतेक सोसायट्या बिनदांड्याचा आखूड खराटा आणतात कारण तो स्वस्त पडतो, आणि मग एक माणूस अख्खं आवार कमरेत वाकून झाडतो, रोज, वर्षानुवर्षं. हे चुकीचं आहे. भरीव बांबू घ्या, पेरं जवळजवळ असलेला, एक टोक तासून खराट्याच्या मधोमध ठोकून बसवा आणि वरून जीआय तारेनं आवळा, बांबू पाचरीसारखा बसतो त्यामुळे हीर उलट जास्त घट्ट होतात. उंची किती ठेवायची तर झाडणारी व्यक्ती सरळ उभी राहिली की दांडा खांदा ते हनुवटी यांच्या मधे आला पाहिजे. म्हणूनच खराटा कमिटीतल्या कुणी एकट्यानं आणू नये, जी व्यक्ती झाडते तिला सोबत न्या, तिच्या हातात देऊन चार हात मारून बघू द्या. जड खराटा दणकट वाटतो खरा पण तासभर झाडल्यावर मनगट बोलतं.

जमीन कुठली आहे त्यावर पण बरंच ठरतं. पेव्हर ब्लॉक असतील आणि वर गुलमोहर किंवा सोनमोहर असेल (नवी मुंबईत कुठल्याही सेक्टरमधे बघा) तर गुलमोहराची ती बारीक पानं आणि सोनमोहराच्या पिवळ्या पाकळ्या सांध्यांमधे जाऊन बसतात, तिथे हिराला तोड नाही, टोक सांध्यात शिरतं आणि कचरा उकरून काढतं. फक्त खराटा थोडा तिरका धरायचा, फार दाबून उभा घासला तर सांध्यातली रेती पण निघते आणि मग ब्लॉक हलायला लागतात. घोडबंदर रोडला बांधकामांची बारीक धूळ असते तिच्यावर मात्र हीर कमी पडतो, मोठं उचलतो आणि धूळ उडवतो. आधी पाण्याचा हलका शिडकावा करा, किंवा गुळगुळीत कोबा असेल तर रुंद ढकलायचा प्लास्टिक ब्रश घ्या.

प्लास्टिकचा खराटा वाईट असं नाही, जून ते सप्टेंबर तोच बरा, कारण तो पाणी पित नाही आणि कुजत नाही. घेताना काड्या अंगठ्यानं दाबून सोडा, लगेच सरळ झाल्या पाहिजेत. त्याचा कमकुवत भाग म्हणजे दांडा बसतो ती जागा, नुसते प्लास्टिकचे आटे असतील तर जोर लावला की तिथेच चिरतं, आरपार स्क्रू मारलेला किंवा लोखंडी पट्टी असलेला बघा. उन्हात ठेवून दिला की प्लास्टिक ठिसूळ होतं, काड्यांचे तुकडे पडून गटारात जातात, म्हणून वर्षभर त्याच्यावर काढणं मला पटत नाही. माझं मत विचाराल तर दोन्ही ठेवा, उन्हाळा-हिवाळ्यात हीर आणि पावसात प्लास्टिक.

खरेदीला ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजारात गेलात तर हाताळून निवडायला मिळतं, नवी मुंबईत सेक्टरच्या मार्केटमधे हार्डवेअरवाल्याकडे बघा. ऑनलाइन फोटोवरून घेऊ नका, बुंध्यात हात घालता येत नाही.

वापरात एवढंच, हिराचा खराटा ओला झाला तर झटकून, टोकं वर करून सावलीत हवेशीर उभा ठेवा. प्लास्टिकचा टांगून ठेवा, काड्यांवर उभा केला तर त्या कायमच्या वाकतात. सैल वाटला की बुंधा जमिनीवर ठोकून हीर एका पातळीत आणा आणि तार परत आवळा, चार दिवस थांबलात तर निम्मे हीर गेलेले असतील. झिजून वीत-दीड वीत उरला तरी टाकू नका, गच्चीवरचं आणि जिन्याजवळचं शेवाळ घासायला तोच बुटका लागतो. अगदीच संपला की तार काढून हीर सोसायटीच्या कंपोस्टमधे, फक्त मोडून टाका, अख्खे लवकर कुजत नाहीत. प्लास्टिकवाला सुक्या कचऱ्यात.